दाढीनंतर आग होत असेल, तर रेझर बदलण्याआधी क्रम तपासा

दाढी झाली की गळा लाल होतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बारीक फोड येतात, आणि ते बसले तरी काळे ठिपके मागे राहतात. मग लोक रेझर बदलतात. दोन पात्यांच्या जागी पाच पात्यांचा येतो, फोम बदलतो, महागाचं आफ्टरशेव येतं. आग मात्र तशीच, कारण केस पुरते भिजायच्या आत पातं लावणं, पहिलाच हात उलटा (केस वाढतात त्याच्या विरुद्ध दिशेने) मारणं आणि रेझर दाबून चालवणं या तीन सवयी कुणी बदलत नाही.

आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेला या सवयी जास्त महागात पडतात. थोडासा दाह झाला तरी त्या जागी जास्तीचा रंग साठतो आणि तो डाग जायला महिने लागतात. म्हणून खाली जिथे जिथे ‘आणखी गुळगुळीत’ आणि ‘त्वचा शाबूत’ यांतून एक निवडायची वेळ येईल, तिथे मी दुसऱ्याच्या बाजूने आहे.

आज दाढी करायची का?

चेहऱ्यावर पू धरलेले फोड, ओठाच्या कडेला नागिणीसारखे पाण्याचे पुटकुळे, उन्हाने भाजलेली कातडी किंवा गोल कडा असलेला खाजरा चट्टा असेल, तर आज रेझर नको. पुटकुळ्यांवरून पातं फिरवलं की तो संसर्ग गालभर पसरू शकतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा मधुमेह ताब्यात नसेल, तर रेझरऐवजी ट्रिमर वापरा.

१. आदल्या दिवशी: केसांची दिशा शोधा

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. एक-दोन दिवसांचे खुंट असताना बोटाची पेरं गालावरून चारही दिशांना फिरवा. ज्या दिशेने बोट अडत नाही ती सुलट, जिथे खरखरतं ती उलट. गालांवर केस साधारण वरून खाली जातात, तिथे कुणाची चूक होत नाही.

गोंधळ गळ्यावर होतो. जबड्याच्या खाली बऱ्याच जणांचे केस खालून वर किंवा आडवे कानाकडे वाढतात, आणि घाटीच्या (गळ्यावरच्या हाडासारख्या उंचवट्याच्या) बाजूंना अनेकदा भोवरा असतो. अशा गळ्यावर वरून खाली रेझर ओढला, तर आपण सुलट समजतो आणि प्रत्यक्षात पहिलाच हात उलटा पडतो. ‘गाल ठीक असतात, फक्त गळाच खराब होतो’ या तक्रारीचं कारण बहुतेकदा हेच असतं.

गळ्याचे चार भाग कल्पून प्रत्येकाची दिशा कागदावर बाणाने काढा. डाव्या-उजव्या बाजूंची दिशा सारखीच असेल असं धरून चालू नका. हे काम एकदाच करायचं आहे. दिशा सहसा बदलत नाही.

तपासा: डोळे मिटून गळ्याच्या कुठल्याही जागेची सुलट दिशा सांगता येते का? येत नसेल तर पुन्हा बोट फिरवा.

२. सामान: काय घ्यायचं, कधी टाकायचं

जास्त पाती म्हणजे चांगली दाढी, हे सगळ्यांना लागू नाही. अनेक पात्यांच्या रेझरमध्ये पुढचं पातं केस किंचित ओढून धरतं आणि मागचं तो कापतं. कापलेलं टोक त्वचेच्या पातळीखाली मागे सरकतं. केस सरळ असतील तर काही बिघडत नाही. केस कुरळे किंवा राठ असतील तर तेच टोकदार टोक वाढताना आतल्या आत वळतं किंवा बाहेर येऊन पुन्हा कातडीत घुसतं. गळ्यावर वारंवार फोड येणाऱ्याने एका पात्याचा साधा सेफ्टी रेझर घ्यावा. तरीही त्रास होत असेल तर अर्धा ते एक मिलिमीटर खुंट ठेवणारा ट्रिमर बरा.

कार्ट्रिज (रेझरचं बदलता येणारं पात्यांचं डोकं) किंवा वापरून टाकायचा रेझर ५ ते ७ दाढ्यांनंतर बदला. सेफ्टी रेझरचं ब्लेड त्याहून लवकर, राठ केस असतील तर तीन-चार दाढ्यांत. केस ओढल्यासारखे वाटले की आकडा न मोजता त्याच क्षणी. ‘अजून एक दाढी निघेल’ म्हणून चालवलेली ती शेवटची दाढीच सगळ्यात जास्त ओरखडे देते.

वापर झाला की रेझर वाहत्या पाण्यात धुवा, झटका आणि न्हाणीघराच्या बाहेर उभा वाळवा. पावसाळ्यात मगमध्ये ओला पडून राहिलेला रेझर लवकर खराब होतो. धार टॉवेलने पुसू नका, ती पुसल्याने मरते. वापरलेलं ब्लेड कचऱ्यात सुटं टाकू नका. छोट्या पत्र्याच्या डबीत साठवा, आणि डबी भरली की चिकटपट्टीने बंद करून, वर ‘ब्लेड’ असं लिहून द्या. आपला कचरा कुणीतरी हाताने वेगळा करत असतं.

अंगाचा साबण दाढीला नको. त्याचा फेस पटकन वाळतो आणि पातं अडखळतं. शेव्हिंग क्रीम किंवा जेल घ्या, आणि शक्य असेल तर ब्रश. बोअरचं जड पाणी असलेल्या घरांत फेस धरतच नाही. क्षारांबरोबर साबणाचा पांढरा चोथा होतो. त्यावर सोपा उपाय म्हणजे फेसापुरतं अर्धी वाटी आरओचं पाणी वापरणं. आरओच्या सांडपाण्याच्या नळीचं घेऊ नका, त्यात क्षार आणखी जास्त असतात.

३. कोरडं आधी, ओलं नंतर

दाढी चार-पाच दिवसांहून जास्त वाढली असेल तर आधी ट्रिमरने कोरडीच बारीक करा. लांब केसांवर थेट रेझर चालवला की पात्यांत केस अडकतात, मग हात आपोआप जोर लावतो.

त्यानंतर भिजवणं. कोरडा केस पात्याला चिवट लागतो. पाणी मुरल्यावर तो फुगतो, मऊ होतो आणि कमी जोरात कापला जातो. यासाठी दोन-तीन मिनिटं लागतात, चेहऱ्यावर दोन हबके मारून भागत नाही. म्हणून दाढी अंघोळीनंतर लगेच करा. अंघोळ करायची नसेल तर कोमट पाण्यात पिळलेला नॅपकिन दोन-तीन मिनिटं धरा, गार झाला की पुन्हा भिजवून. पाणी कोमटच हवं. कडक पाण्याने कातडी लाल होते, आणि लाल झालेल्या कातडीवर रेझर चालवला की आग ठरलेली.

स्क्रब करायचा असेल तर आदल्या रात्री, तोही हलका. त्याच सकाळी स्क्रब आणि रेझर दोन्ही केले तर कातडी दोनदा खरवडली जाते.

४. फेस लावून थांबा

ब्रश भिजवून एकदा झटका, बोराएवढं क्रीम घ्या आणि गालावर गोल गोल फिरवा. गोल फिरवल्याने आडवे पडलेले केस उभे राहतात आणि पाणी मुळापर्यंत जातं. नंतर वरून खाली सपाट हात फिरवून फेस एकसारखा करा. चांगला फेस दाट, ओला आणि चमकदार दिसतो. मोठे बुडबुडे दिसले तर पाणी जास्त झालं. ब्रश ओढताना अडला तर कमी.

हनुवटी आणि मिशीच्या जागी फेस सर्वांत आधी लावा आणि त्या जागा सर्वांत शेवटी करा. तिथले केस सगळ्यात जाड असतात, त्यांना मुरायला जास्त वेळ मिळतो. फेस लावल्यावर निदान एक मिनिट थांबा. कॅनमधला फोम वापरत असाल तर चेहरा ओला ठेवूनच लावा. कोरड्या गालावर लावलेला फोम दिसतो भरपूर, पण केसापर्यंत पाणी पोचत नाही.

५. पहिला हात: सुलट आणि बिनजोराचा

सेफ्टी रेझरचा कोन असा सापडतो: रेझरचं डोकं वरच्या बाजूने गालाला टेकवा, दांडी गालापासून सरळ बाहेर निघू द्या. आता दांडी हळूहळू खाली आणत छोटासा हात ओढा. एका क्षणी खुंट कापले गेल्याचा कुरकुर आवाज येऊ लागेल. तो तुमचा कोन, साधारण ३० अंशांचा. तिथून दांडी आणखी खाली नेली की पातं कापायचं सोडून कातडी खरवडू लागतं. आरशापेक्षा या आवाजावर जास्त भरवसा ठेवा. म्हणूनच निदान शिकेपर्यंत दाढी करताना गाणी बंद असावीत असं माझं मत आहे.

कार्ट्रिजमध्ये कोन ठरलेलाच असतो. तिथे एकच पथ्य: डोकं सपाट टेकलेलं राहू द्या आणि दाबू नका.

जोराबद्दल जितकं सांगावं तितकं कमी. रेझर दांडीच्या टोकाजवळ दोन बोटं आणि अंगठ्यात धरा, मुठीत नको. मूठ वळली की मनगटाचा जोर लागतोच. रेझरच्या स्वतःच्या वजनाने जेवढं कापलं जाईल तेवढंच आज कापायचं. उरलेलं दुसऱ्या हाताला.

हात छोटे मारा, दोन-तीन सेंटीमीटरचे, आणि दर एक-दोन हातांनी रेझर धुवा. क्रम असा: कल्ले, गाल, गळा, मग वरचा ओठ आणि शेवटी हनुवटी.

गळ्यावर हनुवटी वर करा, पण कातडी ताठ ओढू नका. ती जितकी ताणाल तितका केस खोल कापला जातो आणि सोडल्यावर आत जातो. घाटीवरची कातडी एका बाजूला सरकवा आणि सपाट भागावर आणून कापा; उंचवट्यावरून थेट रेझर नेऊ नका. मिशीसाठी वरचा ओठ दातांवर खाली ओढून धरा आणि नाकाखालून अगदी छोटे हात मारा.

थांबा: जिथला फेस निघून गेला आहे तिथे ‘एवढंच राहिलंय’ म्हणून कोरडा हात मारू नका. दाढीतले बरेच ओरखडे या एका सवयीने होतात. राहिलं असेल ते राहू द्या.

तपासा: चेहरा धुऊन सुलट दिशेने बोट फिरवा. अडत नसेल तर रोज कामावर जाण्यापुरती दाढी झाली. ज्यांना फोड येतात त्यांनी इथेच थांबावं.

६. दुसरा हात: आडवा. उलटा फक्त काहींसाठी

आणखी गुळगुळीत हवी असेल तर पुन्हा पूर्ण फेस लावा आणि केसांच्या दिशेला आडवा हात मारा, कानाकडून नाकाकडे किंवा उलट. यानंतर लग्नकार्यालाही चालेल अशी दाढी होते.

उलटा हात ज्यांना कधीच फोड येत नाहीत त्यांनी, तोही गालांवर, नवा फेस लावून मारावा. गळ्यावर शक्यतो नकोच. सलूनमध्ये ‘उलटी मारू का?’ असं विचारलं जातं तेव्हा संकोचून हो म्हणू नका. ‘गालावर मारा, गळ्याला नको’ असं सांगता येतं. तिथेच आणखी एक पाहा: वस्तऱ्यात नवं ब्लेड तुमच्या समोर पाकिटातून काढून, मोडून लावलं गेलं पाहिजे. नसेल तर बदलायला सांगा.

७. पातं ठेवल्यानंतरची पाच मिनिटं

गार पाण्याने चेहरा धुवा, मऊ कपड्याने टिपा, घासू नका.

तुरटी उपयोगाची आहे. ती बारीक छेद आवळते, रक्त थांबवते आणि तुमचं काम तपासूनही देते. ओल्या चेहऱ्यावरून हलकी फिरवा. जिथे झोंबेल तिथे तुम्ही दाबलं होतंत. पुढच्या वेळी तिथेच हात हलका करा. अर्ध्या मिनिटाने धुऊन टाका, नाहीतर कातडी ओढल्यासारखी होते. तुरटीचा खडा स्वतःचाच हवा. सलूनमध्ये सगळ्यांच्या गालांवरून फिरणारा खडा नम्रपणे नाकारा. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तात, निदान सात दिवस तग धरू शकतो. याच कारणाने रेझरही घरात वाटून वापरायचा नाही, नवरा-बायकोनेही नाही.

अल्कोहोलचं आफ्टरशेव झोंबतं म्हणजे काम करतं, हा समज सोडा. त्याने कातडी कोरडी पडते. सुवास नसलेलं साधं मॉइश्चरायझर लावा आणि उन्हात जाणार असाल तर त्यावर सनस्क्रीन. डाग काळे पडण्यात उन्हाचा मोठा हात असतो.

पाय आणि काखा

नियम तेच, थोडे फरक. अंघोळीच्या सुरुवातीला नव्हे, शेवटी करा. नडगी आणि घोट्याच्या हाडावर कातडी पातळ असते, तिथे जोर शून्य. गुडघा वाकवून करा. काखेत केस एकाच दिशेने वाढत नाहीत, तिथेही भोवरा असतो, म्हणून हात वर ताणून छोटे हात दोन-तीन दिशांनी मारावे लागतात. काखा रात्री केलेल्या बऱ्या, म्हणजे डिओ लावायची वेळ येईपर्यंत कातडी शांत होते.

केसतोड (कातडीत वळलेल्या केसाचा फोड) झालंच तर

दाढी थांबवा. फोड बसेपर्यंत, गरज पडली तर तीन-चार आठवडे, ट्रिमरवर काढा. कोमट पाण्याची पट्टी दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं धरा. केसाचा कमानीसारखा भाग वर दिसत असेल तर स्वच्छ चिमट्याने त्याचं टोक फक्त मोकळं करा. उपटू नका, उपटलेला केस पुन्हा येताना आतच अडकू शकतो. सुईने खोदणं तर बिलकूल नाही, त्यातून कायमचा वण राहतो. सॅलिसिलिक ॲसिड असलेलं सौम्य उत्पादन मेलेली कातडी सैल करून मदत करतं.

मेडिकलमधून मनाने स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब आणू नका. दोन दिवस बरं वाटतं, मग कातडी पातळ होते. आणि तो चट्टा खरं तर गजकर्ण असेल, तर बुरशी स्टेरॉइडखाली लपून पसरत राहते. पू वाढला, ताप आला किंवा लाली पसरत गेली, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.

दाढी सोडून दुसरं काय निवडावं?

आधी एक भीती दूर करू. रेझरने केस जाड होत नाहीत. केसाचं मूळ कातडीखाली असतं, तिथे पातं पोचतच नाही. निमुळतं टोक जाऊन बोथट टोक वर येतं म्हणून ते राठ लागतं. अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ सालीच याची मोजमापं करून दाखवली होती. या एका समजापायी कित्येक मुली सोसत नसतानाही वॅक्स करत राहतात.

ट्रिमर: सर्वांत कमी धोक्याचा, सर्वांत कमी गुळगुळीत. पोटावर, छातीवर आणि जांघेत मी हाच सुचवेन. शस्त्रक्रिया ठरली असेल तर मात्र घरून केस काढून जाऊच नका, रेझरने तर नाहीच. रेझरचे सूक्ष्म छेद जंतूंना वाट देतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की गरज असेल तरच केस काढावेत आणि तेही क्लिपरने, म्हणजे ट्रिमरसारख्या यंत्राने.

केस काढायचं क्रीम: यातलं रसायन केसातलं केराटिन (केस ज्याचा बनतो ते प्रथिन) विरघळवतं. कातडीतही केराटिन असतं, म्हणून घड्याळ लावून, पाकिटावरच्या वेळेतच काढा. आधी हातावर थोडं लावून २४ तास वाट पाहा. अंगाचं क्रीम चेहऱ्याला किंवा जांघेत लावू नका.

वॅक्स आणि एपिलेटर: केस मुळातून निघतात, तीन-चार आठवडे सुटका. वॅक्सला केस साधारण अर्धा सेंटीमीटर हवेत. त्याहून आखूड असतील तर ते मध्येच तुटतात आणि आत वळतात. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर वॅक्स अजिबात नाही, कातडी सोलून निघते. गोळ्या थांबल्यावरही साधारण सहा महिने जाऊ द्यावेत. चेहऱ्यावर रेटिनॉलची क्रीम लावणाऱ्यांनी ती काही दिवस आधी बंद करावी.

थ्रेडिंग: भुवया आणि वरच्या ओठासाठी उत्तम. गालांच्या मऊ लवेवर मात्र कशाला चालवायचं? तिथे फोडच जास्त येतात.

लेझर: केसातल्या काळ्या रंगावर काम करतं. म्हणून पांढऱ्या, पिकलेल्या किंवा सोनेरी केसांवर चालत नाही. तिथे एकेका केसाच्या मुळाशी वीज देणारं इलेक्ट्रोलिसिस हाच पर्याय. एका वेळी वाढीच्या अवस्थेत असलेल्या केसांवरच परिणाम होतो, त्यामुळे साधारण सहा ते आठ बैठका, चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने. ‘कायमचे केस जातात’ यापेक्षा ‘बरेच कमी होतात, मग अधूनमधून पुन्हा बैठक लागते’ हे खरं. सावळ्या कातडीसाठी १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचं एनडी-याग प्रकारचं लेझर तुलनेने सुरक्षित. कोणतं यंत्र आहे हे पैसे भरण्याआधी विचारा, आणि आधी छोट्या जागी चाचणी करून घ्या. आधीचे चार-सहा आठवडे वॅक्स, थ्रेडिंग आणि उपटणं बंद, कारण लेझरला मुळाशी केस हवाच. रेझर चालतो.

हनुवटीवर किंवा जबड्याखाली अचानक राठ केस येऊ लागले असतील आणि पाळीही अनियमित असेल, तर लेझरचं पॅकेज घेण्याआधी डॉक्टरकडून हार्मोन्सची तपासणी करून घ्या. अशा केसांमागे पीसीओडी (अंडाशय आणि हार्मोन्सच्या बिघाडाचा आजार) असेल आणि त्यावर उपचार न करता नुसतं लेझर केलं तर नवे केस येतच राहतात, आणि चेहऱ्याच्या कडेच्या मऊ लवेवर लेझर केल्याने क्वचित केस वाढल्याचंही दिसतं. हा प्रश्न पॅकेज विकणाऱ्या काउंटरवर विचारू नका. लेझर स्वतः करणार असलेल्या त्वचारोगतज्ज्ञालाच विचारा.